तो ग्लासांचा आवाज काढून टाकू नका, प्लीज

रविवारी सकाळी मी नेहमीची रेकॉर्ड लावून बसलेलो, तर आई स्वैपाकघरातून ओरडली, "हे हॉटेलात बसून वाजवतायत का रे? कपबश्यांचा आवाज येतोय." म्हटलं हो, हॉटेलच समज, न्यूयॉर्कमधलं तळघर आहे, लोक दारू पीत बसलेत. "आणि वाजवणाऱ्यांना चालतंय?" आई पुण्यात वाढलेली, सवाईच्या मांडवात रात्ररात्र बसलेली, मैफलीत बोलणारा माणूस म्हणजे तिच्या लेखी चपला चोरणाऱ्याच्याही खालचा.

तर ही रेकॉर्ड म्हणजे बिल इव्हान्स ट्रायोनं, म्हणजे तिघांच्या जॅझ संचानं, व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये वाजवलेला तो रविवार, 25 जून 1961. पियानोवर बिल इव्हान्स, बासवर, म्हणजे उभ्या धरायच्या त्या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, स्कॉट लफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन सेट, रात्री तीन. त्यातून आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' निघाली, मग 'वॉल्ट्झ फॉर डेबी', आणि 2005 साली अख्खा दिवस तीन सीडींच्या बॉक्समध्ये आला. जॅझवाल्यांना हे सगळं तोंडपाठ असतं, पण माझ्या लिस्टमधले निम्मे लोक नाट्यसंगीतवाले आणि निम्मे क्रिकेटवाले आहेत म्हणून सांगितलं.

मुद्दा असा की मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका पोराला मी हेडफोन दिला, त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला सर मस्त आहे पण बॅकग्राउंडला केवढा नॉइज, आता एआयनं सगळं क्लीन होतं, करून देऊ का? मी म्हटलं कर. खरं सांगतो, मलाही उत्सुकता होती. दुसऱ्या दिवशी त्यानं रेकॉर्डमधल्या 'माय फूलिश हार्ट' या गाण्याची फाइल पाठवली.

ग्लास गेले, कुजबुज गेली, आणि त्यांच्यासोबत मोशनपण अर्धा गेला! म्हणजे झालं काय, तो या गाण्यात ब्रशनं वाजवतो, ती तारांची झाडणी असते ना, ती ड्रमच्या कातड्यावर नुसती फिरवायची आणि झांजेला जेमतेम शिवायची, त्याचा आवाज पावसाची भुरभुर लागल्यासारखा येतो. सॉफ्टवेअरला वाटलं हाही कचराच. जगातल्या सगळ्यात हळुवार ड्रमरपैकी एकाला त्या मशीननं केर समजून झाडून काढलं. आणि पियानो उरला तो असा काही कोरडा, की वाटावं बाथरूमच्या फरशीवर ठेवून वाजवतोय कोणीतरी. पोराचा काही दोष नाही, त्यानं प्रेमानंच केलं होतं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की आपण ही रेकॉर्ड साठ-पासष्ट वर्षं का ऐकतोय. लोक म्हणतात शांतता, नजाकत, इव्हान्सचे कॉर्ड्स. ते आहेच. पण माझं मत जरा वेगळं आहे. त्या तळघरात त्या दिवशी बऱ्याच लोकांचं धड लक्षच नव्हतं. ऐकून बघा, मधेच कोणीतरी बाई खळखळून हसते, कुणाच्या गप्पा चालूच असतात, आणि पीस संपला की टाळ्या येतात त्या पण लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर जेवणाकडे डोळा ठेवून वाजवतात तशा. आपल्याकडे एवढ्यात पहिल्या रांगेतून तीन वेळा 'क्या बात है' झालं असतं. इथे काहीच नाही. त्या खोलीत सगळ्यात कान देऊन ऐकणारी तीन माणसं होती आणि ती तिन्ही स्टेजवर होती, एकमेकांचं ऐकत. आणि ते कळायला आजूबाजूचा तो गोंगाट लागतोच, त्याशिवाय त्यांचं ऐकणं दिसत नाही.

हे नीट कळायचं तर लफारोकडे बघायचं. तोवर ट्रायोमध्ये बासवाल्याचं मुख्य काम म्हणजे मुकाट चार मात्रा धरून चालायचं. आपल्या सोलो तबल्यात लेहरा धरणारा असतो ना, तसं. आता कल्पना करा की लेहरेवाल्यानं मधेच लेहरा सोडला आणि तबलजीला उत्तरं द्यायला लागला, तबलजी चिडला नाही उलट त्यालाच वाट करून दिली, आणि तरी सम काही कुणाची चुकली नाही. लफारो हेच करतो. वय 25, बास हातात घेतला तोच मुळी अठराव्या वर्षी, त्याआधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, म्हणूनच की काय तो त्या अवाढव्य खोक्यातून वर वरच्या पट्टीत गातो असं वाटतं. पण हाच माणूस 'माय फूलिश हार्ट'मध्ये काय करतो? जवळपास काहीच नाही. मोजकेच सूर, मोठाले, आणि प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत थांबतो. ज्याच्या बोटांत इतकं आहे त्यानं इतकं कमी वाजवायचं, याला काय काळीज लागत असेल राव.

आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. डेबी म्हणजे इव्हान्सची पुतणी. सुरुवातीला फक्त पियानो आणि बास, तीन मात्रांत, परकराचा घोळ सावरत पोरगी अंगणात गिरक्या घेतेय असं. मग ड्रम्स आत येतात आणि तीनाचं चार होतं. दादऱ्यातून केरव्यात गेल्यासारखं म्हणा हवं तर. तो सांधा मी शंभर वेळा पकडायला बसलोय आणि शंभर वेळा पलीकडे पोचल्यावर कळलंय की अरे, गेला.

गंमत म्हणजे पहिल्याच सेटच्या पहिल्याच पीसला, 'ग्लोरियाज स्टेप'ला, मधेच लाइट गेली. खरंच. न्यूयॉर्कमध्ये, सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर! टेपचा तेवढा तुकडा गायब, म्हणून तो टेक, म्हणजे त्या पीसचं तेव्हाचं रेकॉर्डिंग, कित्येक वर्षं बाहेरच आला नव्हता, बॉक्समध्ये आला तो त्या भोकासकट. प्रोड्यूसर ऑरिन कीपन्यूज आणि रेकॉर्डिंग करणारा डेव्ह जोन्स, यांच्याकडे दोन ट्रॅकची टेप, म्हणजे लोकांचा आवाज नंतर वेगळा काढू वगैरे भानगडच नाही. जे त्या खोलीत झालं ते सगळं आलं, ग्लासासकट.

आता ती गोष्ट, जी प्रत्येक जण पहिल्या ओळीतच सांगतो आणि मी मुद्दाम इतका वेळ सांगितली नाही. 6 जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, लफारो कार ॲक्सिडेंटमध्ये गेला. इव्हान्स नंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही. पहिली रेकॉर्ड निवडली तीही लफारो जास्तीत जास्त ऐकू येईल अशीच, त्यानंच बांधलेल्या 'ग्लोरियाज स्टेप'नं सुरू होते आणि त्यानंच बांधलेल्या 'जेड व्हिजन्स'नं संपते. गोष्ट चटका लावणारी आहे, पण मला हल्ली तिचा थोडा रागच येतो. मृत्यू आधी सांगितला की माणूस प्रत्येक सुरात अपशकुन शोधायला लागतो. 'जेड व्हिजन्स'मध्ये म्हणे निरोप ऐकू येतो. अहो कसला निरोप, पंचवीस वर्षांच्या पोराला स्वतःची नवी चाल वाजवायला मिळाली म्हणून तो खूष आहे, एवढंच ऐकू येतंय. मृत्यू माहीत नसताना मी ही रेकॉर्ड दोन वर्षं ऐकली होती आणि तेव्हाही ती इतकीच आवडायची. तुमच्या एखाद्या मित्राला द्यायची असेल तर गोष्ट न सांगता द्या.

त्या रात्री शेवटी 'जेड व्हिजन्स' लागोपाठ दोनदा वाजवलाय. नऊ मात्रांचं चक्र, चार मिनिटांच्या आसपास, संथ. बॉक्समध्ये त्यानंतर अजून एक छोटासा तुकडा आहे, शेवटचे नुसते काही बार, म्हणजे आवर्तनं म्हणा. दिवसभरात पाच सेट झालेत, हात दुखत असणार, समोर टेबलं रिकामी व्हायला लागली असतील, आणि हे शेवट नीट करून घेतायत.

पोरानं पाठवलेली ती क्लीन फाइल अजून डेस्कटॉपवर आहे, डिलीट करवत नाही. काल आईला दोन्ही ऐकवल्या, न सांगता. ती म्हणाली, "ती हॉटेलवालीच लाव."