‘अडाणी’ हा शब्द काढलाय, बाकीचं मात्र तसंच ठेवतोय

नमस्कार. तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू, म्हणून रात्री लिहिलेलं उत्तर टाकलंच नाही आणि आज जरा निवांत लिहायला बसलोय. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: निरक्षरतेवरच्या माझ्या लेखात मी न शिकलेल्या माणसांना उगाच बिचारं करून टाकलंय असं यांचं म्हणणं. यांच्या आजीला अक्षरओळख नव्हती तरी सगळा हिशोब तिच्या डोक्यात असायचा, कुठलाही कागद आला की ती तो दोन वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळा वाचून घ्यायची आणि मगच अंगठा द्यायची, तिला आयुष्यात कुणी फसवू शकलं नाही. उलट डिग्रीवालेच दिवसभर खोटे मेसेज फॉरवर्ड करत बसतात. आणि आता मोबाईल बोलतो पण आणि ऐकतो पण, तर वाचता येण्याचं एवढं कौतुक कशाला, आणि कुणाला नाही आलं तर समाजाला काय फरक पडतो?

एका जागी तुम्ही मला बरोबर पकडलंत. मी एका वाक्यात ‘निरक्षर’च्या जागी ‘अडाणी’ लिहून गेलो होतो. आपल्याकडे हे दोन शब्द इतके एकमेकांत मिसळलेत की हात आपोआप तिकडे जातो, पण चूक ती चूकच. शब्द काढलाय.

आणि या मुद्द्यावर तुमच्या बाजूने मीच एक गोष्ट सांगतो. अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मधे उझबेकिस्तानात गेले होते, तिथल्या न शिकलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी कोडी घातली. लांब उत्तरेला बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव लांब उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? उत्तरं आली ती साधारण अशी की मी तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल काय बोलणार, जो जाऊन आलाय त्याला विचारा. बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला गेला की यांना नुसत्या शब्दांवरून तर्क करता येत नाही. मला विचाराल तर फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर फोनच्या वॉलपेपरवर लावावं! पुढे १९७० च्या दशकात स्क्रिब्नर आणि कोल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात वाई नावाच्या लोकांचा अभ्यास केला. वाईंची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत नाही तर घरीदारी एकमेकांकडून शिकतात, पत्रं आणि हिशोब त्यात लिहितात. तर निघालं असं की नुसती लिपी आल्याने अशा कोड्यांमधे फारसा फरक पडत नव्हता, फरक पडत होता तो शाळेत गेल्याने. म्हणजे अक्षरं आली की अक्कल वाढते हे काही खरं नाही, मान्य.

पण मी लेखात अकलेबद्दल बोलतच नव्हतो हो. मी बोलत होतो विसंबून राहण्याबद्दल.

मागे एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीपाशी बसलो होतो. साठीच्या आसपासच्या एक बाई शेजारी आल्या, हातात गोळ्यांच्या दोन स्ट्रिप, म्हणाल्या यातली सकाळची कुठली तेवढं सांगा ना, चष्मा घरी राहिलाय. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. मग बोलता बोलता कळलं की इतके दिवस त्या रंगावर चालवत होत्या, पांढरी सकाळची आणि निळी रात्रीची, पण या वेळी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या मिळाल्या आणि दोन्ही स्ट्रिप चंदेरी निघाल्या. मी चिठ्ठी बघून सांगितलं. त्यांनी लगेच सकाळच्या स्ट्रिपचा एक कोपरा दुमडला, बोटाने दोनदा चाचपून बघितला आणि पिशवीत टाकली. मला हे कधीच सुचलं नसतं. हुशारीचा प्रश्नच नव्हता तिथे. प्रश्न हा होता की डॉक्टरचं अक्षर मलाही धड लागत नव्हतं, मी परत एकदा खिडकीवर जाऊन विचारून आलो, आणि मी ते केलं नसतं आणि चुकीचं सांगितलं असतं तर त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. पूर्ण अनोळखी माणसाच्या आळसावर त्यांचं औषध टांगलेलं.

आणि हे फक्त अक्षर न येणाऱ्यांचं नाही. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ एवढीच सूचना लेबलवर. ज्यांचं वाचन कच्चं होतं अशांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली, पण दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्के लोकांना जमलं. अक्षरं वाचता आली की कळलंच असं आपण धरतो ना, त्याची गंमत अशी आहे.

मोबाईलचं म्हणाल तर व्हॉइस मेसेज ही खरंच मोठी सोय झाली, नाही म्हणत नाही. पण ओटीपी बहुतेक वेळा मेसेजमधेच येतो, आणि तो वाचता येत नाही म्हणून माणूस अख्खा फोन समोरच्याच्या हातात देतो. पूर्वी फक्त कागद द्यायचा.

समाजाला काय फरक पडतो असं तुम्ही विचारलंय. याचा विचार लोकांनी फार पूर्वीच केलाय, दोन्ही बाजूंनी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधे काळ्या लोकांना मतदानापासून लांब ठेवायला साक्षरतेच्या परीक्षा घ्यायचे, शिकलेल्या काळ्या माणसालाही सरळ नापास करायचे, १९६५ च्या कायद्याने त्याला लगाम बसला. आणि आपल्याकडे १९५१-५२ ची पहिली निवडणूक, तेव्हा १०० तले जेमतेम १८ साक्षर, तरी मत सगळ्यांना, दर उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. न वाचताही मत देता आलं. निरक्षर माणसाचं किती नुकसान होणार हे बरंचसं बाकीचे कशी व्यवस्था लावतात त्यावर असतं, आणि हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता, राहिला. फॉर्म, चिठ्ठ्या, नोटिसा सगळं वाचणाऱ्यानेच वाचणाऱ्यासाठी बनवलेलं असतं आणि मग आपणच म्हणतो यांना काही कळत नाही.

डिग्रीवाल्यांबद्दल एवढंच, तपासायची सोय असून ते तपासत नाहीत. राग त्यांचा जास्त यायला पाहिजे, मलाही येतो.

आता आजी. कागद दोन माणसांकडून वाचून घ्यायची, हे तुम्ही तिच्या हुशारीचा पुरावा म्हणून लिहिलंत आणि तो आहेच. पण जरा तिच्या बाजूने बघा ना. प्रत्येक कागदाला दोन माणसं शोधायची, दोघांची वेळ सांभाळायची, दोघं एकमेकांना सामील नाहीत ना हे बघायचं, आणि घरातली गोष्ट दोन जणांना कळणार हे गिळून टाकायचं. आपण तेच काम तीस सेकंदात बसल्याजागी करतो आणि केलं हे लक्षातही राहत नाही. तिला कुणी फसवू शकलं नाही हे खरं, पण त्यासाठी ती किती राबली असेल!

ती दोन माणसं कोण असायची हो? आठवत असेल तर लिहा, मला खरंच वाचायचंय.