शिबिरं बस्स झाली, आता फोन उचला

'निर्यात करा, डॉलर कमवा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा आमच्या बँकेच्या काउंटरसमोर उभं केलं पाहिजे. आमचं कोल्हापुरी चपलांचं घरगुती काम. जर्मनीतल्या एका लहान दुकानाला माल पाठवला. माल पोचला, पैसेही आले. मधल्या बँकेने आपला चार्ज कापून घेतला, तो कापतातच. झालं! बिलावरची रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम जुळेना, म्हणून आरबीआयच्या ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे कुठल्या निर्यातीचे पैसे आले ते बघणाऱ्या संगणक प्रणालीत, आमची नोंद उघडीच. म्हणजे सरकारदरबारी आम्ही परदेशातले पैसे देशात न आणलेले लोक. शाखेत विचारावं तर 'फॉरेक्सचं इथं होत नाही, मेल टाका.' मेल टाकावा तर उत्तरात तेच पत्र मागतात जे आपण आधीच जोडलेलं असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरबीआयने सांगून टाकलं की १० लाखांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या लेखी घोषणेवर बंद करता येईल. ते परिपत्रक छापून मीच घेऊन गेले. साहेब म्हणतात, 'हे तुम्हाला कुठं मिळालं?' आता काय बोलायचं!

त्याच दुकानदाराने चामड्यातल्या क्रोमियम-सहाचा, म्हणजे क्रोमने कमावलेल्या चामड्यात सापडू शकणाऱ्या घातक रसायनाचा, रिपोर्ट मागितला. युरोपात किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मागणारच तो. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, क्रोमचा संबंधच नाही. पण ते कागदावर कोण लिहून देणार? कुठली लॅब, नमुना किती, खर्च किती, रिपोर्टवर नाव कुणाचं? ज्या निर्यात प्रोत्साहन परिषदेची सभासद फी आम्ही भरतो तिथे फोन केला. 'वेबसाइट बघा मॅडम.' वेबसाइटवर काय, तर दिवे लावून उद्घाटन करणाऱ्यांचे फोटो. फी नूतनीकरणाचा मेसेज मात्र एक दिवस चुकत नाही.

आयईसीचंही, म्हणजे निर्यातीसाठी लागणाऱ्या सरकारी कोडचंही, तसंच. पत्ता तोच, बँक तीच, काही म्हणजे काही बदललेलं नाही, तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये सरकारी वेबसाइटवर जाऊन 'बदल नाही' असं कळवायचं. विसरलात की कोड बंद, आणि ते कळतं पार्सल अडल्यावर.

आणि शिबिरं! जिल्हा निर्यात केंद्र, एक जिल्हा एक उत्पादन, योजनांची नावं तर एकाहून एक. सकाळी हार-तुरे, मग पीपीटी, मग जेवण, मग ग्रुप फोटो. बोलणारे कंटेनरवाले, ऐकणारे आम्ही वीस-वीस जोडांचं पार्सल करणारे. कंटेनरवाल्याला मिळणारा कराचा परतावा टपालाने माल पाठवणाऱ्याला मिळायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला, यावरूनच समजा आम्ही कुणाच्या हिशेबात होतो ते.

कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१९ मध्ये. त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी फिरकलं नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर आपल्यासारख्याच चपला चालवल्या आणि एकदम सगळ्यांना कारागीर आठवले. डिसेंबरात प्राडाचा लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर २००० जोडांचा करार झाला. चांगलंच झालं, वाईट का म्हणू? पण मदतीसाठी दरवेळी आधी चोरीची बोंब उठायला हवी का?

दक्षिण कोरियाने १९६२ मध्ये कोट्रा ही निर्यात वाढवणारी सरकारी संस्था काढली, तेव्हा तो देश काही श्रीमंत नव्हता. तरी परदेशात माणसं बसवली, गिऱ्हाईक शोधून द्यायला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्यात प्रोत्साहन मिशनला २५,०६० कोटी मंजूर झालेत. त्यातून नवं पोर्टल काढू नका, पाया पडते. जिल्ह्याला एक माणूस द्या, ज्याला शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), टेस्ट रिपोर्ट आणि बँकेची भाषा तिन्ही कळतात आणि जो फोन उचलतो. त्याची बढती त्याने किती शिबिरं घेतली यावर ठरवू नका. त्याच्या जिल्ह्यातल्या किती जणांची दुसरी ऑर्डर परदेशी गेली, ते मोजा.