चेतकचा क्लच ‘अर्ध्या तासात लोण्यासारखा’? जरा थांबा

जुन्या बजाज चेतकवाल्यांच्या फोनवर एक सल्ला फिरतो आहे. क्लच जड झाला असेल तर वायरमध्ये ग्रीस भरा, क्लचमधल्या स्प्रिंगांपैकी एकआड एक काढा, वायर ताणून ठेवा, गियरबॉक्समध्ये कारचं ऑइल घाला आणि लांब लिव्हर लावा. अर्ध्या तासात क्लच लोण्यासारखा. पाचही मुद्दे तपासू.

‘वायरमध्ये ग्रीस भरा.’ निदान दोष जिथे बहुधा असतो तिथे तरी हा मुद्दा पोचतो. पण ग्रीस लांब वायरमध्ये सरकत नाही. तोंडाशीच साचतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांनी त्याचा चिखल होतो. जुन्या, अस्तर नसलेल्या आऊटरला (तारेवरच्या नळीला) पातळ ऑइल लागतं, तेही वायर सोडून, वरून थेंबथेंब, खालून स्वच्छ बाहेर येईपर्यंत. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या आऊटरमध्ये काहीच घालू नका. आतली तार एका जागी जरी उसवली असेल तर ऑइलचा उपयोग नाही, ती बदलायचीच.

ग्रीसची खरी जागा वेगळीच आहे: लिव्हरचा पिन आणि तारेच्या टोकाचा निप्पल (लिव्हरमध्ये अडकणारा गोळा). निप्पल लिव्हरमध्ये फिरला पाहिजे. तो सुकला की प्रत्येक दाबाला तार तिथेच वाकते आणि शेवटी तुटते. पिनचा नट करकचून आवळला असेल तर नुसता तोच सैल करून फरक पडतो. (हा फुकटचा उपाय व्हायरल होत नाही, हे ओघानं आलंच.)

चेतकमध्ये आणखी एक भानगड आहे. गियर बदलताना क्लचचा लिव्हर मुठीबरोबर फिरतो, म्हणजे हँडलच्या हेडमधलं वायरचं वळणही बदलतं. म्हणून इंजिन बंद ठेवून चारही गियरमध्ये, मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर दाबून पाहा. एखाद्याच स्थितीत जड लागला तर वायर कुठेतरी चिमटली आहे किंवा चुकीच्या वाटेनं ओवली आहे. मग क्लच उघडायचं कारणच नाही.

सगळीकडे सारखाच जड असेल तर खाली वायर ज्या दांडीला जोडलेली असते तिच्यापासून ती सोडा. तार एका बोटानं सरकली पाहिजे. एवढ्यावर थांबू नका: खालचं टोक पकडीत धरून ताण द्या आणि दुसऱ्याला लिव्हर दाबायला सांगा. काही वायरी मोकळ्या असताना गुळगुळीत वाटतात, ओढ बसली की अडतात. वायर निर्दोष निघाली तर क्लच कव्हरमधून बाहेर येणारी तीच दांडी पाहा. चाकाचं पाणी-चिखल खाऊन ती ज्यावर फिरते तो दांडा गंजतो आणि जड फिरतो. कव्हर काढून दांडा साफ करा, त्याची ओ-रिंग बदला आणि आतली, क्लचवर दाब देणारी पितळी चकती खाचली आहे का ते बघा.

‘एकआड एक स्प्रिंग काढा.’ हलका लागेल, खरंय. पण उरलेल्या स्प्रिंगा क्लचच्या प्लेटा पुरेशा दाबू शकत नाहीत; चढावर, डबलसीट, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. घसरून घसरून प्लेटांवरचं कॉर्क जळतं. स्प्रिंग कापणं त्याहून वाईट: उंची कमीजास्त झाली की प्लेट तिरकी उचलते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि पहिला गियर ‘खाट्’ करून पडतो. शिवाय हे अर्ध्या तासाचं कामच नाही. क्लच जागेवर धरणारा खाचांचा नट सोडायला त्याचा खास पाना लागतो आणि क्लच उघडायला स्प्रिंगा दाबायचं साधन. छिन्नी-हातोड्यानं नटाची वाट लागते. स्प्रिंगांवर संशय घ्यायचा तो एकाच वेळी: कुणीतरी ‘हेवी ड्यूटी’ संच बसवला असेल तेव्हा. त्या जागी मूळ मापाच्या, सगळ्या एकदम बदला.

‘वायर ताणून ठेवा.’ यानं लिव्हर हलका होत नाही, फक्त थोडा दाबताच क्लच सुटू लागतो. लिव्हरला २-३ मिमी मोकळीक हवीच. नाहीतर आतली चकती सतत घासते आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो.

‘कारचं ऑइल घाला.’ क्लच ऑइलमध्ये बुडालेला असला तरी लिव्हरचं वजन ऑइल ठरवत नाही. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी कॉर्क घसरतं. गियरबॉक्सला हवं ते एसएई ३० जाडीचं ऑइल, साधारण २५० मिली. गाडी सरळ उभी ठेवून भरण्याच्या भोकातून सांडू लागेपर्यंत.

‘लांब लिव्हर लावा.’ यात अर्धं तथ्य आहे. लिव्हर लांब असो, पिन आणि निप्पल जवळ असोत की खालची दांडी लांब असो, जोर कमी लागतो तो हाताला जास्त अंतर कापावं लागतं म्हणूनच. आणि मुठीपाशी ते अंतर मोजकंच. लावायचाच असेल तर मागचं चाक अधांतरी ठेवा, इंजिन गरम करा, पहिला गियर टाका आणि लिव्हर पूर्ण दाबा. चाक थोडं फिरेल, पण मागचा ब्रेक हलकेच दाबताच थांबलं पाहिजे. थांबत नसेल किंवा इंजिन दबत असेल, तर जुना लिव्हर परत बसवा.