ताबोला अर्धा तास?

‘ताबोचा मठ अर्ध्या तासात उरकतो, मुक्काम थेट काझालाच करा’ हा हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याच्या सहलीवरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. ९९६ सालचा मातीचा बौद्ध मठ, बाहेरून अगदीच साधा. आत शिरल्यावर आधी काही दिसतच नाही. डोळे अंधाराला सरावले की मग भिंतीवरची एकेक मूर्ती पुढे यायला लागते. आत फोटोला बंदी, त्यामुळे आमच्या दादरच्या ग्रुपमधले अर्धे लोक पाच मिनिटांत चहा शोधायला बाहेर!

शिवाय किन्नौरकडून जाताना ताबो काझाच्या आधी लागतं आणि उंचीही कमी, साधारण ३,२८० मीटर. आपण मुंबईकर समुद्रसपाटीवरचे. तिथे एक रात्र काढली तर विरळ हवेची थोडी सवय होते. मनालीहून एका दमात काझा गाठून डोकं धरून बसलेले बरेच पाहिलेत.