"पूर शंभर वर्षात एकदाच येतो" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकाच दिवशी तिघांनी टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मराठवाडा दुष्काळी भाग आहे, असला पूर शंभर वर्षातून एकदा येतो, 2025 ला येऊन गेला, आता बघतील नातवंडं. पूर धरणातून पाणी सोडल्यावरच येतो आणि सोडायच्या आधी सांगतातच. घर सोडून जाऊ नका, चोऱ्या होतात, पाणी आलं तर माळवदावर, म्हणजे जुन्या घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढून बसायचं, आपले आजे-पणजे तेच करायचे. आणि नुकसान झालंच तर सरकार भरून देतं. खाली हात जोडलेले आणि सगळ्या ग्रुपला पाठवा म्हणून विनंती.

पाठवणारे आपलेच लोक आहेत, कुणाच्या मनात वाईट नाही हे मला माहितीय. पण आमचं गाव धाराशिवच्या परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठी, सप्टेंबर 2025 ची ती रात्र आम्ही अंगावर काढलीय, त्यामुळं हे वाचून गप बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, शंभर वर्ष. शंभर वर्षाचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की नव्व्याण्णव वर्ष सुट्टी असा त्याचा अर्थ नाहीच. अर्थ असा की दरवर्षी तेवढा पूर यायची शक्यता शंभरात एक, यंदा आला तरी पुढच्या साली परत शंभरात एक, नदीला मागचं काही लक्षात राहत नसतं. तीस वर्ष एकाच घरात राहिलात तर एकदा तरी तो पूर बघायची शक्यता शंभरात सव्वीसच्या आसपास जाते. आणि हे झालं लाल पूररेषेचं, म्हणजे शंभर वर्षाच्या पुराचं पाणी जिथवर येतं त्या रेषेचं. पाटबंधारेवाले निळी रेषा मारतात ती पंचवीस वर्षाच्या पुराची, त्या रेषेच्या आत घर असेल तर तीस वर्षात शंभरात सत्तर. आपल्याकडं नवीन प्लॉटिंग कुठं झालंय बघा, बहुतेक ओढ्याच्या कडेला, नदीच्या खालच्या अंगाला, कारण तिथं जागा स्वस्त मिळाली.

आणि दुष्काळी भाग म्हणून पूर नाही हे तर आपण डोळ्यानं खोटं ठरलेलं बघितलंय. एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणलं, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लातूर, बीड, नांदेडला पूर आला. ऑगस्ट 2006 ला पैठणात पाणी शिरलं, 2021 ला मांजराकाठी, 2025 ला तर विचारूच नका. वीस वर्षात एवढे झाले, मग शंभर वर्ष कुठून मोजायलेत हे लोक.

दुसरं, धरणातून सोडलं तरच पूर. जायकवाडीखालच्या गावांना हे बरंचसं लागू आहे, सप्टेंबर 2025 च्या शेवटी दोन लाखाच्या वर क्युसेक सोडावं लागलं. क्युसेक म्हणजे काय हे आपल्याकडं टँकरवर समजावून सांगावं लागतं, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, म्हणजे एक लाख क्युसेकला दर सेकंदाला बारा हजार लिटरचे दोनशे तीसच्या वर टँकर तुमच्या गावावरून रिकामे होतात. पण सगळीच गावं जायकवाडीखाली नाहीत. मुखेड तालुक्यात ऑगस्ट 2025 ला रावणगाव, हसनाळ ह्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, ते गेट उघडून खाली आलेलं पाणी नव्हतं, प्रचंड पाऊस आणि लेंडी धरणाचा फुगवटा, पाणी मागं चढत आलं आणि लष्कराला बोलवावं लागलं. धरणाच्या वरच्या अंगाच्या गावानं फक्त विसर्गाचा मेसेज बघत बसायचं म्हणलं तर काय होतं ते तिथं दिसलं.

आमच्याकडं तर आणखी वेगळं. सीना नगरकडनं येते, आष्टी-जामखेडच्या अंगाला पाऊस झाला की त्याचं पाणी काही तासांनी आमच्याकडं पोचतं, तेव्हा आमच्या डोक्यावर चांदणं पडलेलं असू शकतं. आणि ओढ्याला तर कुठलंच गेट नसतं. महसूल मंडळात चोवीस तासात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, तो आकडा ओलांडला की ओढे नदीच्या आधी फुगतात, पुलाखालच्या नळ्या तण-काडीनं बुजलेल्या, पाणी सरळ वस्तीत. म्हणून नुसतं आपलं आभाळ बघू नका, वरच्या तालुक्यातल्या एखाद्या पाव्हण्याचा नंबर ठेवा आणि पाऊस लागला की त्याला फोन करून विचारा, मोबाईलवर सरकारचं सचेत ॲप टाका त्यावर आपल्या जिल्ह्याचा इशारा येतो, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077 भिंतीवर खडूनं लिहून ठेवा कारण त्या गडबडीत फोनमधलं काही सापडत नाही.

तिसरं, माळवद. मला सगळ्यात जास्त राग ह्या मुद्द्याचा आहे, कारण ह्यानं माणूस मरू शकतो.

आजे-पणजे माळवदावर चढायचे हे खरं असेल, पण ते दरसाली पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायचे, वरचं गवत उपटायचे, पन्हाळी मोकळ्या करायचे. आता किती घरांत होतंय हे? पोरं पुण्याला, घरात म्हातारी माणसं, वर गवत गुडघ्याएवढं, तुळया आतून पोखरलेल्या. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती धरली तरी भिजल्यावर तिचं वजन सहा टनाच्या आसपास जातं, कित्येक माळवदांवर त्याहून जास्त थर असतो. हे वजन कशावर आहे तर दगड-मातीच्या भिंतीवर, त्यात सिमेंट नाही, दगडाला दगड मातीनंच धरलेला. पाणी चार-सहा तास पायाशी उभं राहिलं की ती माती लोण्यासारखी होते, भिंतीला पोट सुटतं, आणि मग वरचे सहा टन खाली. त्याच्यावर तुम्ही आठ माणसं आणि धान्याची पोती घेऊन चढलेले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात हीच जाड भिंतींची, जड माळवदाची घरं लोकांच्या अंगावर पडली, लातूर-धाराशिवच्या माणसाला तरी हे सांगायची वेळ यायला नको होती.

आणि अजून एक, पाणी ओसरलं म्हणजे भिंत वाचली असं नाही. पाणी असतं तोवर ते बाहेरून भिंतीला थोडा आधार देत असतं, ते उतरलं की भिजलेली जड भिंत एकटी उभी राहते. आमच्या चुलत्यांच्या घरात सकाळी पाणी उतरलं, दिवसभर सगळ्यांनी मिळून गाळ काढला, संध्याकाळी चुलते म्हणले आता झोपू घरीच. काकू नाही म्हणली, अजून एक रात शाळेत काढू म्हणली, बरीच कुरबूर झाली पण गेले. त्याच रात्री नदीकडची भिंत आत पडली, जिथं चुलत्यांचं अंथरूण असतं तिथंच. म्हणून मातीच्या भिंतीला उभी चीर दिसली, पोट सुटलेलं दिसलं, कोपऱ्यातनं माती झरायला लागली तर आत जाऊच नका, निदान काही दिवस ऊन लागू द्या आणि गवंड्याला दाखवा.

मग चढायचं कुठं? आपल्या जुन्या गावांची पांढरी बघा, मूळ गावठाण उंचवट्यावर असतंय, जुन्या लोकांनी बघूनच गाव वसवलेलं, खाली उतरलो ते आपण. पांढरीवरचं घर, जिल्हा परिषदेच्या शाळेचा स्लॅब, जिना असलेलं कुणाचं आरसीसी घर, हे आजच ठरवा आणि त्या घरवाल्याला आजच विचारून ठेवा, रात्री दोनला दार वाजवून ओळख काढत बसायची वेळ येऊ नये. आजीला कोण उचलणार, तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या कोण घेणार, हे नावानिशी ठरलेलं पाहिजे. 2025 च्या पाण्याचा डाग भिंतीवर दिसत असेल तर त्यावर ऑईल पेंटनं रेघ मारा, विजेचा बोर्ड, पिठाचा डबा, सोयाबीनची पोती, बियाणं, सगळं त्या रेघेच्या वर. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मेन स्विच बंद, सिलिंडरचं रेग्युलेटर काढलेलं. आणि निघायचं ते पायवाट कोरडी आहे तोवर, पुलावरून पाणी वाहायला लागल्यावर नाही, दोन फूट वाहतं पाणी चारचाकी उचलतं, ट्रॅक्टर जातोय म्हणून त्याच्यावर बसून गेलेली माणसं आपण सगळ्यांनी ऐकलीत.

चोरीचं म्हणाल तर ती भीती खोटी नाही, पण त्याला उपाय आहे. दागिने आणि कागदं अंगावर, बाकीच्याला कुलूप, आणि गल्लीतल्या दोन पोरांनी उंचावरून लक्ष ठेवायचं. टीव्ही गेला तर परत घेता येतो.

जनावरांचं मेसेजमधे एक अक्षर नाही, आणि आपल्याकडं घर म्हणजे जनावरंसुद्धा. पोहता येणारी म्हैस दाव्याला बांधलेली होती म्हणून गोठ्यात बुडाली, असं नको व्हायला. जनावरं आधी वर न्या, नाही जमलं तर निदान दावं सोडा, गाठ अशी मारा की अंधारात एका हिसक्यात सुटली पाहिजे, आणि दाराशी विळा ठेवा.

राहिलं सरकार भरून देतं. मदत मिळते, मी नाही म्हणत नाही, कित्येकांची चूल तिच्यावर पेटलीय. पण भरून देणं वेगळं. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या आपत्ती मदतीच्या निकषात दुधाळ जनावराला 37,500 रुपये होते, बैलाला 32,000, शेळीला 4,000. घर पूर्ण पडलं तर 1,20,000, कच्च्या घराची थोडी पडझड असेल तर 4,000, वाहून गेलेल्या भांड्यांना 2,500. राज्य कधी वरून थोडं घालतं. आता बाजारात म्हशीला काय पडतं आणि एक खोली बांधायला काय लागतं हे तुम्हीच सांगा. आणि हे मिळायला पंचनामा लागतो, पंचनाम्याला आधार, सातबारा, आठ अ, पासबुक लागतं, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर विचारतात, तो पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कागदावर असतो आणि पेटी पाण्यात.

आमची तशीच गेली. सगळ्या कागदांचा एकच गोळा झाला होता, आईनं तो उन्हात पानापानानं सोडवायचा प्रयत्न केला, सातबाराचं काही नाही तो परत निघतो, पण वडलांच्या जुन्या खरेदीखताची शाई पार धुतली गेलेली. आता घट्ट फिरकीच्या झाकणाची एक प्लास्टिकची बरणी दाराच्या मागं खिळ्याला टांगलीय, आत कागदं, गोळ्या, टॉर्च, थोडे पैसे, क्लोरीनची बाटली, आणि सगळ्या कागदांचे, घराच्या चारी बाजूंचे, जनावरांच्या बिल्ल्यांचे फोटो पुण्याला बहिणीच्या फोनमधे. पाऊस लागला की आई झोपायच्या आधी एकदा त्या बरणीला हात लावून बघते.