जहाज रोमला लागत नाही: एका फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. युरोपच्या क्रूझला निघालेल्यांसाठी 'अनुभवी सल्ला' म्हणून. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात: जहाज थेट रोमला लागतं. ट्रेनच्या नादी लागू नका, आपल्या लोकांना ती जमत नाही आणि त्यात चोरच चोर. गेटवर टॅक्सी स्वस्तात मिळते. थोडा उशीर झाला तरी जहाज थांबतं. आणि रात्री जहाजावरच झोपत असल्यामुळे इटलीचा व्हिसा लागत नाही.

हा मेसेज वाचून आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी आपला बेत बदलला, म्हणून हे लिहितोय. जिथे घाबरायचं कारण नाही तिथे हा मेसेज घाबरवतो आणि जिथे खरोखर सावध राहायचं तिथे निर्धास्त करतो.

रोम समुद्रावर नाहीच. ते आत, टायबर नदीच्या काठी आहे. जहाज लागतं चिविताव्हेक्किया नावाच्या गावी, रोमपासून ७०-८० किलोमीटरवर. म्हणजे नाशिकहून शिर्डी गाठायची तर जेवढं जावं लागतं, जवळजवळ तेवढं. क्रूझच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत 'रोम' छापतात आणि बंदराचं नाव त्याच्याखाली बारीक असतं, त्यामुळे हा गैरसमज होतो. पण त्याचा परिणाम मोठा आहे. जहाज सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर लोक धरून चालतात की बारा तास रोम बघायचं. प्रत्यक्षात उतरणं, जाणं, येणं आणि परतीची राखीव वेळ वजा केली की शहरात जेमतेम सहा तास हातात येतात. व्हॅटिकन म्युझियम, कोलोसियम आणि खरेदी असं सगळं त्यात बसत नाही. दोन ठिकाणं ठरवा आणि ती नीट बघा. तो दिवस रविवार असेल तर आधी तपासा, कारण महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद असतात.

आता ट्रेन. मेसेजमधला सगळ्यात अन्यायकारक भाग हाच आहे. पंचवटी एक्स्प्रेसने वर्षानुवर्षं मुंबईला अप-डाउन केलेल्या माणसाला 'ट्रेन जमणार नाही' म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही.

बंदराच्या आवारात जहाजापासून फाटकापर्यंत शटल बस असते. लार्गो देला पाचे नावाच्या ठिकाणी ती सोडते. तिथून स्टेशनला दुसरी बस मिळते. चालायची सवय असेल तर समुद्रकाठच्या रस्त्याने पायीही जाता येतं, अर्धा तास धरा. वाटेत जुन्या बंदरावरचा दगडी किल्ला लागतो. १५०८ साली त्याचं बांधकाम सुरू झालं आणि त्याला मायकेलएंजेलोचं नाव आहे. रोमला जायची ताकद किंवा इच्छा नसेल त्याने खुशाल हा किल्ला आणि गाव बघत दिवस काढावा, त्यातही काही वाईट नाही.

स्टेशनवरून रोमकडे दिवसभर रिजनल गाड्या सुटतात. एका बाजूचं तिकीट पाच युरोंच्या आसपास. आरक्षण नाही, जागा मिळेल तिथे बसायचं. तिकीट महिनाभर आधी काढलं काय किंवा त्याच सकाळी काढलं काय, भाव तोच. पाऊण तासात रोमा सान पिएत्रो स्टेशन येतं आणि तिथून व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चचा घुमट दिसतो. चर्चसमोरच्या चौकापर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं. व्हॅटिकन बघायचं असेल तर इथेच उतरा. पुढे तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला, गेलात तर मेट्रोच्या बी लाइनवर कोलोसियम दुसरं स्टेशन.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर टीसी दंड लावू शकतो. मोबाइलवरचं तिकीट असेल तर त्याचं चेक-इन करायचं असतं. आणि तेर्मिनीवरून परतताना या गाड्या दूरच्या टोकाच्या फलाटांवरून सुटतात. मुख्य हॉलपासून तिथवर चांगली दहा मिनिटांची चाल आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

चोरांचं म्हणाल, तर रोममध्ये खिसेकापू आहेत हे खरं. तेर्मिनीवर, मेट्रोत आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये सांभाळावंच लागतं. पण टूरची बसही तुम्हाला त्याच गर्दीत उतरवते. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, पर्स पुढे घ्या.

टॅक्सी स्वस्त, हे साफ चूक. रोमपर्यंत एका बाजूचे शंभर युरोंच्या वर जातात. पाच-सहा जण असतील आणि कुणाला चालणं झेपत नसेल, तर आधी भाडं ठरवून मोठी गाडी बुक करणं योग्य.

आणि 'जहाज थांबतं' हे वाक्य तर धोकादायक आहे. जहाज थांबतं ते कंपनीने स्वतः विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर. स्वतःच्या स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी जहाजावर हजर असावं लागतं, आणि ती वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. काही वेळा जहाजाची वेळ आणि गावातली वेळ वेगळी असते, मोबाइल मात्र गावातली दाखवतो. म्हणून उतरताना हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. सातला सुटणारं जहाज असेल तर दुपारी चारच्या सुमाराची गाडी पकडा, म्हणजे ती चुकली तरी पुढची हाताशी राहते. इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते बहुधा आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात, पण संध्याकाळच्या गाड्या तुमच्या कामाच्या नाहीत. संप असेल त्या दिवशी, किंवा वेळेची धास्ती मनातून जातच नसेल तर, कंपनीची बस घ्या. ती ट्रेनपेक्षा कितीतरी महाग असते, तरी त्या निश्चिंतीचे पैसे मोजणं मला चुकीचं वाटत नाही.

व्हिसाबद्दल तर गयच नाही. भारतीय पासपोर्टवर इटलीत उतरायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा, लागतोच, झोपा कुठेही. जहाज पकडायला बार्सिलोना किंवा रोमच्या विमानतळावर उतरलात की तिथेच तो मागतात. जहाज मध्ये तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशाला जाऊन परत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, मल्टिपल एंट्री लागते. व्हिसा नसेल तर चढायच्या आधीच परत पाठवतात आणि क्रूझचे पैसे सहसा बुडतात. ज्या ग्रुपवर हा मेसेज आलाय तिथे निदान ही एक ओळ चूक आहे एवढं आजच लिहा, कारण सुट्ट्यांची बुकिंगं आताच चाललीत.