शेवटच्या नळाला पिवळा रंग येतो का?

जानेवारी २०२५ मध्ये माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर आलीच नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, राहते सिंहगड रस्त्याच्या बाजूला. ती परत आली तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाली, "मॅडम, दादाला दोन दिवस जुलाब झाले, मग बरा झाला. दहा दिवसांनी जिना चढताना त्याचा पायच उचलेना." त्यानंतर हात गेले. चौथ्या दिवशी त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वय वर्षं २४. आज तो चालतो, कामावरही जातो, पण शर्टाची बटणं लावायला त्याला अजून वेळ लागतो.

गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तोवर पुण्यात डॉक्टरांपलीकडे फार कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा हा आजार. त्या जानेवारी-फेब्रुवारीत पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि माणसं दगावलीसुद्धा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत दिसायला लागली. कितीतरी रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू सापडला.

हा जिवाणू नक्की काय करतो ते मला वर्गात समजावून सांगावं लागलं, कारण मुलं घाबरली होती. त्याच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या रेणूंची जी रचना असते, ती आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखी दिसते. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. जुलाब थांबतात, माणूस उठून कामाला लागतो, पण ती प्रतिपिंडं रक्तात असतातच. क्वचित एखाद्याच्या शरीरात ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात. म्हणून पोट बिघडण्यात आणि पाय लुळे पडण्यात एक ते तीन आठवड्यांचं अंतर असतं. म्हणूनच "परवा काय खाल्लं होतंस?" असं विचारून काही हाती लागत नाही. पाणी तीन आठवड्यांपूर्वीचं असतं.

हा जिवाणू चिवट नाही, हे मला सर्वांत जास्त लागलं. खळखळून उकळी आली, मिनिटभर टिकली, की तो मेला. पाण्यात पुरेसा क्लोरीन असला तरी तो मरतो. त्यावर ना महागडं यंत्र लागतं, ना नवा शोध. इंग्लंड-अमेरिकेतल्या शहरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे करायला सुरुवात केली, तेवढं नळापर्यंत पोचलं असतं तर पुरेसं होतं.

नांदेड गावातल्या त्या मोठ्या विहिरीबद्दल तेव्हा बरंच छापून आलं. धरणाचं पाणी विहिरीत यायचं, त्यात ब्लीचिंग पावडर पडायची आणि तिथून ते आसपासच्या वस्तीला जायचं. मध्ये जलशुद्धीकरण केंद्र नव्हतं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. धायरी त्याआधी, २०१७ मध्येच. इमारती वीस मजल्यांच्या झाल्या, फ्लॅटचे भाव शहरासारखे झाले, पण पाणी ग्रामपंचायतीच्या काळातल्याच पद्धतीने येत राहिलं. शिवाय मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून पालिकेवर प्रशासक बसला होता. साथीच्या दिवसांत "आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला फोन करा" असं सांगायलाही समोर कुणी नव्हतं.

हे सगळं खरं असलं तरी दोष फक्त विहिरीला देऊन मला झोप लागेना. आमच्या सोसायटीला तर त्या विहिरीचं पाणी येतच नाही, शुद्धीकरण केंद्रातून येतं. मग आम्ही सुरक्षित आहोत का? हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

शहरातल्या रसायनांच्या दुकानातून मी ऑर्थोटोलिडीन (ओटी) या द्रावणाची बाटली आणि रंगावरून क्लोरीन मोजायचा क्लोरोस्कोप आणला. गावाकडच्या लोकांना ही 'ओटी टेस्ट' चांगली माहीत असते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, मग नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून रंग बघतो. पिवळा आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. भारतीय मानक १०५०० सांगतं, की ग्राहकाच्या नळाशी पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. त्यातला 'शिल्लक' हा शब्द महत्त्वाचा. केंद्रात टाकलेला क्लोरीन वाटेत घाण मारण्यात खर्च होतो. नळाशी काही उरलं असेल, तर वाटेत शिरलेली घाण त्याला पुरून उरली नाही असा अंदाज करता येतो. काहीच उरलं नसेल, तर वाटेत काय घडलं हे कुणालाच ठाऊक नाही.

सकाळी सहाला पाणी आलं. सोसायटीच्या गेटपाशी, मीटरच्या जोडणीवर, फिकट पण स्पष्ट पिवळा रंग आला. गच्चीवरच्या टाकीत अगदीच पुसट. मागच्या विंगच्या सातव्या मजल्यावर, एका आजींच्या स्वयंपाकघरातल्या नळाला रंगच आला नाही. मी तिथे तीनदा चाचणी केली. कॉलेजमधून एचटूएसच्या बाटल्या आणल्या होत्या, त्यातल्या एकीत ते पाणी भरून ठेवलं. शौचातले जिवाणू पाण्यात असतील तर ती बाटली काळी पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काळी पडली.

जमिनीखालची टाकी उघडली तेव्हा कारण दिसलं. टाकीच्या भिंतीला लागूनच ड्रेनेजचं चेंबर आहे आणि त्या बाजूला ओल होती. टाकी धुतल्याची वहीतली शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण बोलायची पद्धत म्हणून म्हणतो. इथे ते खरोखरच मुरत होतं, आणि आम्ही ते पीत होतो.

पाण्याच्या लाइनचं आणि सांडपाण्याचं हे शेजारपण फक्त सोसायट्यांत नाही, आपल्या बहुतेक शहरांत जमिनीखाली तेच चित्र आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. पाणी येतं तेव्हा पाइपमध्ये दाब असतो, त्यामुळे भेग असली तर पाणी बाहेर पडतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि त्याच भेगेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या दिवशी पाणी आलं की ते सगळ्यांत आधी आपल्या हंड्यात. पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं ते उगाच नाही. चोवीस तास पाणी ही चैनीची मागणी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा या भेगेचा विचार करावा. पाइपमध्ये सतत दाब राहिला तर बाहेरची घाण आत शिरायला वाटच राहत नाही.

सोसायटीच्या बैठकीत मी हे मांडलं. पहिलं उत्तर आलं, "पण ताई, आपल्या सगळ्यांकडे आरओ आहे ना." हे वाक्य मला गेली कितीतरी वर्षं सगळीकडे ऐकू येतंय, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट. घरी यंत्र विकायला येणारा माणूस टीडीएसचा मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जिवाणू, विषाणू, गटाराचं पाणी यांबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. आजींच्या नळाचं पाणी त्या मीटरवर उत्तम ठरलं असतं. आपल्या धरणांचं पाणी मुळात मृदू आहे, त्यातले क्षार काढायला आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं, की टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरू नये. बोअरच्या पाण्याचे टँकर जिथे येतात तिथली गोष्ट वेगळी. तिथे नायट्रेट आणि फ्लोराइड बघावंच लागतं, आणि ते उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. पण धरणाच्या पाण्यात आपली भीती जंतूंची आहे, आणि आपण यंत्र विकत घेतोय क्षारांचं मीटर बघून. त्यातून यंत्रातला कार्बन पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे आरओचं पाणी पिंपात दोन दिवस भरून ठेवलं आणि त्यात एखादा ओला हात गेला, तर त्या पाण्याला आता कुणी राखणदार नाही.

आणि 'सगळ्यांकडे' म्हणजे कुणाकडे? आमच्या वॉचमनकाकांचं कुटुंब पार्किंगमधल्या खोलीत राहतं, ते बागेच्या नळाचं पाणी पितात. घरकामाला येणाऱ्या मावशी जिन्यात बसून बाटलीत नळाचंच पाणी भरतात. शेजारच्या साइटवरची लहान मुलं तर त्याच पाण्यावर वाढतायत. वीस लिटर पाणी रोज उकळायला गॅस किती लागतो याचा हिशेब त्यांच्या घरी करावा लागतो, आपल्या घरी नाही. आरओवाली घरंसुद्धा दात नळाच्याच पाण्याने घासतात, कोथिंबीर त्याच पाण्यात धुतात, बाळाला त्यानेच आंघोळ घालतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्यांचा आवाज पालिकेत ऐकला जातो, त्या आपण सगळ्यांनी नळाकडे पाठ फिरवली आहे. पंधरा हजारांचं यंत्र घेतलं, दरवर्षी फिल्टरला पैसे भरले आणि पाण्याचा प्रश्न आपल्यापुरता मिटवला. मग शेवटच्या नळाला क्लोरीन आहे का, हे विचारणार कोण? वॉचमनकाका विचारणार? नळ बिघडत गेला कारण त्याच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही.

जुन्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि हौदांत पडू लागलं. हौदावर सगळे यायचे असं मी म्हणणार नाही. कुणी कुठल्या हौदावर यायचं हे जात ठरवत होती, हे विसरायचं नाही. पण नळाचं पाणी सगळ्यांचं, ही कल्पना आपण नंतर मोठ्या कष्टाने मिळवली. ती आरओच्या मागे सोडून द्यायची का?

दिल्लीचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. १९५५ च्या शेवटी नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेतून वझिराबादच्या केंद्राच्या तोंडाशी शिरलं. केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवला, त्यामुळे टायफॉइडची लाट आली नाही. पण कावीळ आली, सुमारे २९,००० जणांना. गर्भवती बायकांवर तिचा घाला सर्वांत मोठा होता. ती कावीळ नेहमीच्या हेपॅटायटिस 'ए' विषाणूची नव्हती हे १९८० मध्ये जपून ठेवलेले नमुने तपासून दाखवलं गेलं, आणि त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. त्या विषाणूला आज आपण हेपॅटायटिस ई म्हणतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत तोच आला. माझं माहेर तिकडचं. पंचगंगेचा वास मला लहानपणापासून माहीत आहे.

"क्लोरीनमुळे कॅन्सर होतो म्हणे," असं एकांनी बैठकीत सांगितलं. क्लोरीनची पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी प्रक्रिया होऊन काही अपायकारक संयुगं बनतात, ही गोष्ट खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे क्लोरीन टाकण्याआधी पाणी नीट गाळणं, क्लोरीन बंद करणं नव्हे. माझ्या आजीने आयुष्यभर हंड्यात तुरटी फिरवली, दुपदरी फडक्याने पाणी गाळलं. पाणी निवळशंख व्हायचं, पण तुरटीने गाळ खाली बसतो, जंतूंचा पूर्ण बंदोबस्त होत नाही. आजीची दोन मुलं जुलाबांनी गेली. औषधाचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे सांगितलं, आणि बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

टाकीची ती भिंत आता दुरुस्त झाली आहे, चेंबर दूर हलवलं आहे, टाकी दर तीन महिन्यांनी धुतात. लिफ्टशेजारी एक वही लटकवली आहे. रोज सकाळी गेट, गच्ची आणि मागच्या विंगचा शेवटचा नळ, अशा तीन ठिकाणचा रंग त्यात लिहिला जातो. वॉचमनकाकांची मुलगी नववीत आहे. रविवारची नोंद तिची. क्लोरोस्कोप धरण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज झाली आहे.

पालिकेकडे माझी मागणी एकच आहे, आणि मी ती लेखी दिली आहे. प्रत्येक भागातल्या शेवटच्या नळाशी क्लोरीन किती, हा आकडा रोज जाहीर करा. केंद्रातून पाणी किती शुद्ध निघालं ते सांगू नका, आमच्यापर्यंत काय पोचलं ते सांगा. तुमच्या भागातून कुणाला हीच मागणी द्यायची असेल तर अर्जाचा मजकूर मी पाठवते. ओटीची बाटली कुठे मिळते, रंग कसा वाचायचा आणि चाचणीचं पाणी पिण्यात जाऊ न देता कसं ओतून टाकायचं, तेही सांगते. गर्भवती, लहान बाळ किंवा म्हातारं माणूस घरात असेल आणि नळाला रंग येत नसेल, तर तोवर पाणी उकळा. जुलाब होऊन गेल्यावर हातापायांना मुंग्या आल्या किंवा जिना चढताना पाय जड वाटला, तर घरी वाट बघत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.